मातृभाषेचा रकाना

सोलापूरच्या माणसाला त्याची भाषा विचारणं म्हणजे आपणच पंचाईत ओढवून घेणं. तो घरात तेलुगू बोलतो, शाळा मराठीत शिकलेला असतो, मंगळवार बाजारात कानडीत घासाघीस करतो आणि रिक्षावाल्याशी हिंदीत भांडतो. यातली तुमची कुठली, असं विचारलं की तो विचारणाऱ्याच्याच डोक्याची शंका घेतो. तरीही दर जनगणनेला कुणीतरी मास्तर दारात उभा राहून हे विचारायचाच, आणि घरातला कर्ता पुरुष पेपरातून डोकं न काढता सगळ्या घराचं एकच उत्तर देऊन टाकायचा. शहराच्या पूर्वभागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, ते उत्तर ठरलेलं होतं, तेलुगू. सुनेचं माहेर कुठलं का असेना, तिचीही तेलुगूच.

या वेळी मात्र विचारायचं नव्हतं, मोजायचं होतं.

पद्मजा इराबत्ती महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची. पन्नाशी उलटलेली, लग्न न केलेली, दाजी पेठेत म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहणारी. गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या होत्या, दुकानात पैसे घ्यायला माणूस उरला नव्हता, पण जनगणनेचं काम शिक्षकांच्या बोकांडी बसतं यात काही कुठल्या शोधाने फरक पडला नव्हता. उन्हाळी सुट्टी बुडवून साऱ्या शिक्षकांना एका सभागृहात गोळा केलं होतं. पुण्याहून आलेल्या सरपोतदार मॅडम त्यांना नवं यंत्र समजावून सांगत होत्या. डोक्याला बांधायची मऊ पट्टी, तिला कानामागे टेकणाऱ्या दोन चकत्या. सरकारी नाव आद्यभाषामापक. शिक्षकांनी दुपारच्या चहाच्या आत तिचं बारसं करून टाकलं, कानपट्टी.

मॅडमनी शास्त्र सोपं करून सांगितलं. मूल जन्माला यायच्या दोन-तीन महिने आधीपासून ऐकायला लागतं. पोटात शब्द पोचत नाहीत. भिंतीपलीकडचं बोलणं कानावर यावं तसा नुसता सूर पोचतो, आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, कुठे विसावतो एवढंच. जन्मल्यावर पहिली दोनेक वर्षं हाच सूर मेंदूत मुरत राहतो. पुढे ती भाषा साफ विसरली, तिच्यातला एक शब्दही आठवला नाही, तरी त्या सुराची वाट बुजत नाही. कानपट्टी प्रत्येक भाषेचा असा बिनशब्दांचा सूर कानात सोडते. ओळखीचा सूर आला की मेंदू किंचित चमकतो, माणसाला कळायच्याही आधी. ती चमक चकत्या टिपतात. थोडक्यात, माणसाने आयुष्यात सगळ्यात आधी कुणाचं बोलणं ऐकलं, ते हे यंत्र सांगतं.

कुणीतरी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? त्यावर मॅडम हसल्या. भाषेच्या शाळा, वाचनालयं, अनुदानं या सगळ्याचं गणित मातृभाषेच्या आकड्यावर बसवलेलं, आणि खोटा आकडा सांगायला माणसं कचरत नाहीत. जो तो आपल्या समाजाची बाजू फुगवून सांगतो. मेंदू मात्र फुगवून सांगत नाही.

यंत्र लावून दाखवायला कुणी पुढे येईना, तेव्हा पद्मजा उठली. पट्टी बांधली, डोळे मिटले. कानात कुणीतरी दूरवर गुणगुणल्यासारखे आवाज येत गेले. मग सभागृहात हशा पिकला म्हणून तिने डोळे उघडले, तर समोरच्या पडद्यावर शब्द होता, कन्नड.

इराबत्ती बाईंची मातृभाषा कानडी म्हटल्यावर सगळ्यांना चेव आला. बाई, आता धारवाडला बदली मागा, असं एक जण म्हणाला. पद्मजाही हसली. पण संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने मॅडमना गाठलं आणि पुन्हा पट्टी बांधायला लावली. मॅडमनी या वेळी सगळे थर उघडून दाखवले. सुराच्या वाटेला वयही असतं, हे तिला तेव्हा कळलं. पोटात ऐकलेला सूर जाडा, घोंगडीआडून आल्यासारखा असतो, जन्मानंतरचा स्वच्छ असतो, त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखू येतात. पद्मजाच्या सगळ्यात तळाला तेलुगूची फिकट सावली होती. तिच्यावर कानडीचा दाट थर. आणि मग, दोन वर्षांच्या आसपास कधीतरी, एकदम पुन्हा तेलुगू.

"तुमची आई तेलुगूच होती," मॅडम म्हणाल्या. "पण जन्मल्यापासून तुम्ही तिच्याजवळ नव्हतात. तुमच्याशी रात्रंदिवस बोलत होतं ते दुसरंच कुणीतरी."

पद्मजा घरी आली ती सुन्न होऊन. आई बाळंतपणात गेली हे तिला माहीत होतं. पण पुढची गोष्ट सगळ्या दाजी पेठेला तोंडपाठ होती. नरसय्या इराबत्ती या यंत्रमाग कामगाराने पोरीला मागाशेजारी झोळीत टांगून एकट्याने वाढवलं, दुसरं लग्न केलं नाही, आणि पोरीच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो अव्वा. सोलापूरच्या तेलुगूत आईला अव्वा म्हणतात. आईचं तोंडही न पाहिलेलं लेकरू उंबऱ्यात बसून अव्वा, अव्वा म्हणून हाका मारत होतं आणि ते ऐकून अख्खी चाळ रडली होती. लग्नाकार्यात कुणी म्हातारी भेटली की पद्मजाच्या तोंडावरून हात फिरवून हीच गोष्ट सांगायची. ही गोष्ट म्हणजे पद्मजाचं आयुष्य होतं. तरुणपणी श्रीनिवास नावाच्या एका चांगल्या मुलाने तिला मागणी घातली होती, हैदराबादला चल म्हणाला होता. आपल्यासाठी ज्याने सगळं सोडलं त्या बापाला एकटं टाकून कसं जायचं, म्हणून ती गेली नाही. ती गोष्टच खोटी असेल तर तिने कशापायी जन्म काढला?

पण विचारायचा धीर होईना. ती आपली रोज कानपट्टी पिशवीत घालून दारोदार हिंडत राहिली.

हिंडताना तिला जुनं सोलापूर फार आठवायचं. तिच्या लहानपणी या गल्ल्यांत मागांचा खडखडाट इतका असायचा की बायका पलीकडच्या दाराशी खुणांनी बोलायच्या. दुपारी वीज गेली की एकदम शांत व्हायचं आणि त्या शांततेनं झोळीतली पोरं जागी होऊन रडायची. आता शांतताच होती. मागांच्या शेडमध्ये कुठे गोदामं झाली होती, कुठे नुसतीच कुलपं. तरुण माणसं हैदराबादला, पुण्याला आणि कुठे कुठे गेली होती. दारात म्हातारी माणसं बसलेली असायची आणि मोजायला बाई आली म्हणजे निदान बोलायला कुणी आलं, या आनंदात चहा टाकायची. पद्मजाला त्यांना मोजताना वाईट वाटायचं. हे शहर आपल्याला आवाजाने भरलेलं हवं होतं, असं तिला वाटायचं.

यंत्राने मात्र शहरात धुमाकूळ घातला. होटगी रस्त्यावरच्या एका डॉक्टरांच्या नातवाची मातृभाषा वडारी निघाली. पोराची आई आधी चिडली, मग यंत्र बदलून मागितलं, आणि शेवटी खाली बसून रडली, कारण घरी पोर सांभाळणारी बाई वडार समाजाची होती आणि दवाखान्यापायी आईला पहिली दोन वर्षं सवड मिळाली नव्हती. असं घरोघरी व्हायला लागलं. कुणाची भाषा कुठली यापेक्षा कुणाचं पोर कुणी वाढवलं, हेच यंत्र चव्हाट्यावर मांडत सुटलं. एरवी ज्या बायकांचं नावही कुणी घेत नव्हतं, त्यांची भाषा बंगल्याबंगल्यांतून वर येत होती. समाजासमाजांच्या बैठका बसल्या. मग सरकारनेही एक वाट ठेवली. ज्याला यंत्राचं उत्तर मान्य नसेल त्याने हरकत नोंदवावी, म्हणजे तो सांगेल ती भाषा धरली जाईल. हरकतींचा पाऊस पडला.

पद्मजाच्या घरी ही बातमी नरसय्यांनीच आणली. ते तेलुगू वाचनालयाचे सगळ्यात जुने सभासद. यंत्राने तेलुगू सोडून दुसरं काही सांगितलं तर पूर्वभागातल्या एकानेही हरकत नोंदवल्याशिवाय राहायचं नाही, असं तिथे ठरलं होतं. त्यांनी लेकीला तिच्या यंत्राचं उत्तर विचारलं नाही. विचारायची गरजच नाही अशा थाटात ते वावरत होते, आणि नेमकं तेच पद्मजाला खुपलं.

सकाळी ती त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची. ते खाटेवर उताणे पडायचे आणि थेंब घातल्यावर थोडा वेळ डोळे मिटून ठेवायचे. त्या दिवशी थेंब घातल्यावर ती उठली नाही. दोघं घरात तेलुगूतच बोलत, ती बापाला नायना म्हणायची आणि ते लेकीला बिड्डा.

"नायना, मी दोन वर्षांची होईपर्यंत मला कुणी सांभाळलं?"

"मी. आणखी कोण?"

"यंत्र कानडी सांगतंय."

नरसय्यांनी डोळे उघडले नाहीत. यंत्रं चुकतात, माग सुद्धा धागा चुकतो, असं काहीतरी ते म्हणाले. पद्मजाने थरांचं सगळं सांगितलं. तळाची सावली, मग कानडी, मग अचानक तेलुगू. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून औषध कानशिलावर ओघळत होतं. औषधच असेल, असं तिने धरून घेतलं.

मग ते बोलायला लागले. बायको, लच्चव्वा, गेली तेव्हा त्यांना पोरीचं तोंड बघवेना. हिच्यापायी ती गेली, एवढंच डोक्यात. चाळीत पलीकडच्या ओळीत निंगव्वा म्हणून एक कानडी बाई राहायची. नवरा कापड गिरणीत, आणि ही कडक भाकऱ्या करून विकायची. तिच्या अंगावर पितं पोर होतं. तिने न विचारता पद्मजाला उचललं आणि दुसऱ्या बाजूला लावलं. नरसय्या रोज तिच्या दारावरून कामाला जायचे आणि मान दुसरीकडे वळवायचे. दोन वर्षांत त्यांनी लेकीला एकदाही हातात घेतलं नाही.

मग वाचनालयात कुणीतरी टोमणा मारला, इराबत्तींची पोरगी कानडी झाली, आपल्यातून गेली. तेवढ्यावरून ते उठले आणि पोरीला घेऊन आले. माया आली म्हणून नव्हे, लोक बोलले म्हणून.

"आणल्यावर तू उंबऱ्यात बसलीस आणि अव्वा, अव्वा करायला लागलीस. मला वाटलं, तू तुझ्या आईला हाका मारतेस. मी बसल्या जागी मोडलो. तेव्हा तुला पहिल्यांदा उचललं. तू लाथा झाडून उतरलीस आणि निंगव्वाच्या दाराकडे पळालीस. कानडीतही अव्वाच म्हणतात, बिड्डा. तू तिला बोलवत होतीस. पण तोवर मी तुला उचललं होतं."

पुढचं थोडक्यात होतं. पोर दारात घुटमळते म्हणून त्यांनी चाळ सोडली, तिला घेऊन काही वर्षं भिवंडीला माग चालवला. परत आले तेव्हा गिरणी बंद पडून निंगव्वाचं बिऱ्हाड गावी गेलं होतं. चाळीतल्या लोकांनी निंगव्वाला वगळून अव्वाची गोष्ट आपल्या समजुतीप्रमाणे धरून ठेवली होती. नरसय्यांनी ती दुरुस्त केली नाही.

पद्मजा म्हणाली, "तुम्ही एकट्याने वाढवलं म्हणून मी हैदराबादला गेले नाही."

"माहीत आहे."

"तेव्हा तरी सांगायचं."

"तेव्हा सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

पद्मजाला त्यांचा भयंकर राग आला. इतका, की त्या घरात श्वास घेणं नको झालं. आणि तरी या माणसाने नंतरची सारी वर्षं तिच्या वेण्या घातल्या होत्या, तिच्या तापात डोक्याशी बसून रात्री काढल्या होत्या, तेही खोटं नव्हतं. दोन्ही खरं असल्यावर माणसाने रागवायचं कुणावर? नरसय्यांनी खाली मान घालून एवढंच मागितलं, की तिने हरकत नोंदवावी. वाचनालयात त्यांना तोंड दाखवायला जागा राहावी. पद्मजाने फक्त निंगव्वाचं गाव विचारून घेतलं.

अक्कलकोटच्या पुढे, अगदी हद्दीला लागून, करजहळ्ळी. तिकडे मोजायला माणसं कमी पडत होती, सरपोतदार मॅडमनी पद्मजाला आनंदाने ते गाव दिलं. सकाळी गाडी दारात आली तेव्हा नरसय्या धोतर नेसून, टोपी घालून पायरीवर उभे होते. मी येतो, म्हणाले. का, ते तिने विचारलं नाही. वाटेत दोघं खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर ज्वारीचं मोकळं रान होतं आणि मैलामैलावर एखादं कुलूपबंद घर.

निंगव्वा होती. वाळकी, ताठ, डोळ्यांत सारा वाढून अंधुक दिसणारी. अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होती. घरात एक सून तेवढी होती, ती पाणी ठेवून चुलीकडे गेली. नरसय्या आत आले नाहीत, बाहेरच्या कट्ट्यावर टेकले. पद्मजाने वाटभर मनात जुळवून आणलेलं एकही वाक्य तिच्या तोंडून फुटलं नाही. शेवटी तिने तेच केलं जे मोजायला आलेल्या बाईला येत होतं. टॅब काढला आणि प्रश्न विचारायला लागली. नाव, वय, लग्न. निंगव्वा मध्येच कानडीत काहीबाही बोलायची. त्यातले निम्मे शब्द पद्मजाला येत नव्हते, तरी तो आवाज ऐकत राहावासा वाटत होता. का, ते आता तिला ठाऊक होतं.

"जन्मलेली मुलं किती, आजी?"

"चार."

"हयात?"

"पाच."

टॅबने लाल रेघ मारली. हयात मुलं जन्मलेल्या मुलांपेक्षा जास्त असू शकत नाहीत.

पद्मजाने ते वाचून दाखवलं. निंगव्वाने शेंग खाली टाकली. आवाजात कुरकुर होती, पण जुनी, सवयीची. "दर खेपेला मास्तर हेच म्हनतोय. आजी, तुमी मोजायला चुकला. मी कशाला चुकीन? पोटची चार, चारीबी धडधाकट हैत. आणि दुधाची एक."

"मग जन्मलेली पाच लिहू?" पद्मजाने टॅबवर बोट ठेवून विचारलं.

"खोटं कशाला लिवतीस? तिला जन्म दिली लच्चव्वा, त्येच्यातच गेली बिचारी. तिचं तिच्याकडं ऱ्हाऊ दे."

"ती पाचवी कुठे असते?"

"काय म्हाईत. बाप न्हेला तिला." निंगव्वाने एक शेंग उचलून फोडली. "आता हाय का न्हाई, तेबी म्हाईत न्हाई बग. पन मास्तर इचारतोय, हयात किती? आणि मी चार म्हनले, तर माज्या तोंडानं मी तिला मारल्यागत हुतंय. म्हनून दर खेपेला पाच सांगते. ते खोडतेत. खोडू देत."

टॅबवरची लाल रेघ तिला दिसेनाशी झाली. आपल्याला कुणीतरी इतकी वर्षं, नुसतं तोंडाने सांगून, जिवंत ठेवलं होतं.

दारात सावली पडली. नरसय्या उंबऱ्याच्या बाहेरच उभे होते, टोपी हातात. जन्मभर त्यांनी घरात कानडीचा शब्द येऊ दिला नव्हता. चाळीतल्या दोन वर्षांत रोज एका दारावरून जाताना कानांनी जेवढं शिकलं, तेवढं आता त्यांच्या कामी आलं.

"अदाळ, निंगव्वा," ते म्हणाले. "इकी अदाळ." आहे, निंगव्वा. हीच ती.

म्हातारीने तो आवाज ओळखला असावा. तिने दाराकडे मान वळवली नाही. शेंगांच्या मातीने भरलेला हात पुढे केला, पद्मजाचं तोंड चाचपलं, हनुवटी धरली, आणि बराच वेळ सोडली नाही. मग टॅबकडे बोट केलं.

"तर मग लिव की, मास्तरीनबाई," ती म्हणाली. "पाच."